मुलाच्या फोनवर गुपचूप लक्ष ठेवू का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा 14 वर्षांचा आहे. गेल्या वर्षापर्यंत शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आत दिवसभराचं सगळं सांगून मोकळा व्हायचा. आता खोलीचं दार बंद असतं. जेवायला हाक मारली तरी अंगावर येतो. फुटबॉल सोडलं. का, तर म्हणे कंटाळा आला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो. मागच्या आठवड्यात त्याच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं, त्याला फळांसारखा गोड वास येत होता. ते व्हेप, म्हणजे ई-सिगारेट आहे, हे भाच्याने सांगितलं. मित्राच्या बाइकवर तिघं-तिघं बसून फिरतात, हेही तेव्हाच कळलं. ह्यांनी त्याला मारलं, फोन काढून घेतला. तीन दिवसांनी परत दिला, पण तेव्हापासून तो ह्यांच्याशी बोलतच नाही. दीर म्हणतात, फोनमध्ये गुपचूप एक ॲप टाक, कुठे जातो, कोणाशी काय बोलतो सगळं दिसेल. टाकू का? माझं मन तयार होत नाही, पण भीतीही वाटते. आणखी एक. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं, ‘मी नसतो तर सगळ्यांचं बरं झालं असतं.’ रागात लिहिलं असेल का? विचारलं तर नको ते डोक्यात भरवल्यासारखं होईल, म्हणून मी अजून काहीच बोललेली नाही. – एक आई

उत्तर: तुम्ही ॲपचं आधी विचारलंत आणि वहीतली ओळ शेवटी लिहिलीत. मी त्या ओळीपासून सुरुवात करते. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. त्याच्याशी आजच बोला.

विचारल्याने डोक्यात भरेल, ही भीती फार जणांना वाटते. शिक्षकांनाही वाटते. म्हणूनच ती नीट तपासून पाहिली गेली आहे. मॅडलिन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या 6 शाळांमधल्या दोन हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास केला. अर्ध्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ प्रश्न विचारले, अर्ध्यांना सुरुवातीला विचारले नाहीत. 2005 साली निष्कर्ष छापून आले. ज्यांना विचारलं, त्यांच्यात ना अस्वस्थता वाढली, ना तसले विचार. आधीपासून खचलेल्या मुलांना तर विचारल्यावर उलट कमी त्रास झाला. त्यानंतरच्या अभ्यासांतूनही हेच दिसत आलं आहे. तेव्हा ही भीती मनातून काढून टाका.

विचारायचं कसं, ते महत्त्वाचं. समोर बसवून, वडिलांना शेजारी घेऊन चौकशी केल्यासारखं नको. चालताना, गाडीत, घरातलं काही काम दोघांनी मिळून करताना बोला. नजरेला नजर द्यावी लागत नाही तेव्हा या वयाची मुलं जास्त बोलतात. म्हणा, ‘तुझ्या वहीतली ती ओळ मी वाचली. मी वही उघडली याचा तुला राग येईल, ये. पण वाचल्यापासून मला तुझी काळजी वाटते. तुला मरून जावंसं वाटतं का?’ शेवटचा प्रश्न असाच सरळ विचारा. ‘तसलं काही मनात येत नाही ना?’ असं विचारलंत तर त्याला कळतं की आईला ‘नाही’ हेच ऐकायचं आहे, आणि तो तेच सांगतो.

मग गप्प बसा. ही शांतता फार जड जाईल, पण ती भरून काढायला घाई करू नका. तो ‘हो’ म्हणाला किंवा नुसता रडला, तर ‘आमचा विचार केलास का’, ‘तुला काय कमी आहे’, ‘असं वेड्यासारखं बोलू नकोस’, यातलं एकही वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस. किती दिवस असं वाटतंय?’ एवढं पुरे. त्यानंतर मात्र आणखी विचारावंच लागेल: कसं करायचं हे मनात ठरवलंय का, केव्हा करायचं तेही ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न केला होता का. यातल्या कशालाही ‘हो’ आलं, तर त्याला एक मिनिटही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात घेऊन जा. रात्र असेल तर रात्रीच. हे कोणालाही सांगणार नाही, असं वचन त्याला देऊ नका. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांची मदत लागेल, फक्त त्यांनाच सांगेन,’ असं म्हणा.

तो ‘नाही, रागात लिहिलं’ म्हणाला तरी घरातली औषधं आजच कुलपात ठेवा. साध्या तापाच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्याही. कीटकनाशक, ॲसिड, धारदार वस्तू त्याच्या हाताशी नकोत. हे अति वाटेल, पण यामागे ठोस कारण आहे. या वयात तो टोकाचा क्षण पुष्कळदा अचानक येतो आणि थोड्या वेळाने ओसरतो. त्या थोड्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. अंगावरच्या खुणांकडेही लक्ष असू द्या. उकाड्यातही लांब बाह्या, मनगटावर किंवा मांडीवर एकाशेजारी एक बारीक चिरा. तसं काही दिसलं तर ओरडू नका, ‘पुन्हा करणार नाही अशी शपथ घे’ म्हणू नका. आधी जखम बघा, ती स्वच्छ करा. असह्य वाटणारं काहीतरी शमवायला मुलं असं करतात. शपथ घातली की फक्त लपवायची जागा बदलते.

आता तुम्ही वर्णन केलेल्या सगळ्या गोष्टी एकत्र पाहा. झोप बिघडली, आवडता खेळ सुटला, चिडचिड वाढली, माणसं नकोशी झाली. मोठा माणूस नैराश्यात असला की खिन्न दिसतो, म्हणून आपण मुलातही खिन्नपणाच शोधतो. मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये नैराश्य पुष्कळदा चिडचिडीतूनच दिसतं, आणि घरात त्याला ‘वय आहे’, ‘उद्धट झालाय’ अशी नावं मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 10 ते 19 या वयातल्या साधारण दर सातांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. तुमच्या मुलाला तो आहे, असं मी पत्रावरून म्हणणार नाही, म्हणूही नये. पण अशा गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या की तज्ज्ञाला दाखवायचं, हा नियम मी पाळते, आणि तुमच्याकडे तर वहीतली ती ओळही आहे. या आठवड्यात त्याला बालमानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ते जवळ नसतील तर नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा.

यात आणखी एक शक्यता नजरेआड करू नका. एखादा हसरा मुलगा काही महिन्यांत असा बदलतो, तेव्हा कधी कधी त्याच्यासोबत काहीतरी घडलेलं असतं. वर्गात किंवा मैदानावर कोणी छळत असेल. कोणा मोठ्या माणसाने नको तिथे हात लावला असेल. ऑनलाइन कोणी फोटो मिळवून पैशांसाठी धमकावत असेल. या जाळ्यात मुलगेही अडकतात आणि लाजेने जीव नकोसा होईपर्यंत गप्प राहतात. फुटबॉल का सुटलं, हे म्हणूनच शांतपणे शोधा. ‘कंटाळा आला’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. त्याला एकदा स्पष्ट सांगून ठेवा, ‘कोणी तुला घाबरवत असेल, काही पाठवायला लावलं असेल, तर चूक तुझी नाही. मला सांगितलंस तर मी तुझा फोन काढून घेणार नाही.’ शेवटचं वाक्य विसरू नका. फोन जाईल या एका भीतीपोटी मुलं धमक्या सोसत राहतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. गुपचूप ॲप टाकू नका. तुमचं मन तयार होत नाही, ते बरोबर आहे.

तुमच्या दिरांचा हिशेब सरळ आहे: मूल काय करतं ते आई-वडिलांना माहीत असलं की मूल वाकड्या वाटेला जात नाही. तज्ज्ञही बरीच वर्षं हेच मानत होते. जी मुलं कुठे आहेत, कोणाबरोबर आहेत हे घरात माहीत असतं ती कमी भानगडीत पडतात, हे अभ्यासांत दिसत होतं आणि त्यावरून ‘लक्ष ठेवा’ हा सल्ला निघाला. पण आई-वडिलांना ही माहिती मिळते कुठून? स्वीडनमध्ये हाकन स्टाटिन आणि मार्गारेट कर यांनी 14 वर्षांच्या 703 मुलांना आणि त्यांच्या पालकांना हेच विचारलं. 2000 साली छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं की पालकांना जे माहीत असतं, त्यातलं बहुतेक मुलाने आपणहून सांगितलेलं असतं. विचारपूस आणि नियंत्रण यांचा वाटा त्या मानाने थोडाच होता. भानगडी कमी असण्याचा सगळ्यात घट्ट संबंधही मुलाच्या या सांगण्याशीच होता. आपल्यावर फार ताबा ठेवला जातोय असं ज्या मुलांना वाटत होतं, त्यांची घडी उलट जास्त बिघडलेली दिसली.

तुमचा मुलगा गेल्या वर्षापर्यंत सांगत होता. तो झरा आटला आहे, तो पुन्हा कसा वाहील हे पाहायचं. ॲपने तुम्हाला त्याचे मेसेज दिसतील. ज्या दिवशी त्याला ते कळेल (आणि या वयाच्या मुलांना फोनमधलं आपल्यापेक्षा लवकर कळतं) त्या दिवशी दुसरा फोन, दुसरं खातं आणि कायमचा अबोला. शिवाय मेसेजमध्ये काही भयंकर वाचलंत, तरी ते कसं कळलं हे सांगता येत नाही म्हणून काहीच करता येणार नाही. वहीच्या बाबतीत तुमचं आत्ता हेच झालं आहे.

याचा अर्थ मोकळं रान द्या असा नाही. कुठे जातोस, कोण कोण आहे, किती वाजता येणार, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि विचाराच. त्याचं लोकेशन दिसायला हवं असेल तर त्याला सांगून, तुमचंही त्याला दाखवून करा. जिवाचा धोका आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तर काही काळ जास्त कडक पहारा लागेल, पण तोही त्याच्या डोळ्यांदेखत असू द्या.

मूल सांगतं केव्हा? सांगितल्याची शिक्षा होत नाही तेव्हा. हे ऐकायला सोपं आहे, पण प्रत्यक्षात पहिल्या दोन वाक्यांतच बिनसतं. समजा, तो म्हणाला, ‘आज वर्गात एकाने व्हेप आणलं होतं.’ आपल्यातल्या बहुतेकांच्या तोंडून लगेच निघेल, ‘तू नाही ना ओढलंस? त्याच्या नादी लागू नकोस.’ झालं, गोष्ट तिथेच संपली. त्याला पुढे सांगायचं होतं की सगळ्यांनी ओढलं, त्यालाही आग्रह केला, त्याने एकदा ओढलं, खोकला आला, सगळे हसले. यातलं काहीच तुमच्यापर्यंत येणार नाही. त्याऐवजी नुसतं ‘मग?’ म्हणा. आणि थांबा. उपदेश मनात राहू द्या, तो उद्याही करता येतो. सुरुवातीला त्याने अगदी फालतू काहीतरी सांगितलं तरी हातातलं काम ठेवून ऐका, एखाद्या गेमबद्दल असेल, कोणाच्या मीमबद्दल असेल. फालतू गोष्टी ऐकून घेतल्या जातात का, हे पाहूनच मुलं मोठ्या गोष्टी सांगायच्या की नाही ते ठरवतात.

बाइक आणि व्हेपबद्दल. धोका कळत नाही म्हणून तो हे करतो, असं समजू नका. त्याला कळतं. एकट्याला विचारलंत तर तिघांनी बाइकवर बसण्यातले धोके तो तुम्हाला नीट सांगेल. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 साली एक प्रयोग छापला. 13 ते 16 वर्षांची मुलं, 18 ते 22 ची तरुण मंडळी आणि 24 च्या पुढची माणसं यांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ दिला, कधी एकट्याने, कधी मित्रांच्या देखत. मित्र बघत असताना सगळ्यात लहान वयाच्या गटातल्या मुलांनी एकट्याने खेळताना घेतले त्याच्या साधारण दुप्पट धोके घेतले. 24 च्या पुढच्यांना मित्र असल्या-नसल्याने काही फरक पडला नाही. या वयात मेंदूतला बक्षिसाला भुलणारा भाग जोरात असतो आणि स्वतःला आवरणारा भाग पंचविशीपर्यंत पिकत राहतो. मित्रांसमोर तर पहिल्याचं पारडं आणखी जड होतं. म्हणून भाषणाचा उपयोग थोडा. ती वेळच कमी येईल आणि आलीच तर त्यातून निघायची वाट त्याच्याकडे असेल, एवढं आपण करू शकतो.

ती वाट अशी. त्याला सांगा, ‘कुठेही अडकलास, कोणी पिऊन गाडी चालवत असेल, तिघं बसवत असतील, नको वाटत असेल, तर मला फोन कर. मी घ्यायला येईन. त्या रात्री एक प्रश्न विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलू.’ मित्रांसमोर फोन करणं जमत नसेल, तर दोघांत एखादा ठरलेला शब्द ठेवा. तो मेसेज आला की तुम्ही फोन करून ‘ताबडतोब घरी ये’ म्हणून चिडायचं. मित्रांत वाईटपणा तुमच्या माथी, त्याची पत शाबूत. आणि खरंच फोन आला, तर त्या रात्री एक प्रश्न विचारू नका. एकदा मोडलात की हा करार संपला. लायसन नसताना गाडी चालवायची नाही आणि बाइकवर तिघं बसायचं नाही, या नियमात मात्र तडजोड नको. असे कडक नियम दोन-तीनच ठेवा. केस, कपडे, खोलीतला पसारा यावरून भांडत राहिलात तर जिवाशी संबंध असलेला नियमही त्याच पसाऱ्यात हरवतो.

घाबरवून सुधारतील, या आशेवर राहू नका. अमेरिकेत 1970 च्या दशकात मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम देण्याचे कार्यक्रम फार गाजले होते. नंतर त्यांचे नीट अभ्यास झाले, तेव्हा अशा कार्यक्रमांत गेलेल्या मुलांकडून न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे झालेले आढळले.

व्हेपमध्ये बहुतेक वेळा निकोटीन असतं आणि त्या गोड वासामुळे मुलांना ते निरुपद्रवी वाटतं. या वयाच्या मेंदूला निकोटीनची सवय लवकर लागते. सवय लागली असेल तर काही तास न ओढल्यावर चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणं हे सगळं होतं. म्हणजे त्याच्या चिडचिडीतला काही भाग यातूनही आलेला असू शकतो. ‘किती दिवस, दिवसातून किती वेळा, ओढल्यावर कसं वाटतं?’ हे विचारा. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात बऱ्याचदा मूळ दुखणं सापडतं, कारण कित्येक मुलं मनातली धडधड कमी व्हावी म्हणून ओढतात. डॉक्टरांना हेही सांगा. एकदम सोडल्यावर पहिले काही दिवस तो जास्त वैतागेल, तेव्हा घरातल्यांनी समजून घ्यायचं.

खेळ सुटल्याचं मला व्हेपइतकंच वाईट वाटतं. आइसलँडमध्ये 1998 साली 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं मागच्या महिनाभरात एकदा तरी दारूच्या नशेत होती. 2016 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. त्यांनी कायदे कडक केलेच, पण त्यासोबत मुलांच्या शाळेनंतरच्या वेळेत खेळ, संगीत, नाच यांवर सरकारी पैसा ओतला आणि पालकांनी मुलांसोबत जास्त वेळ घालवावा, एकमेकांच्या ओळखी ठेवाव्यात, यासाठी सतत प्रयत्न केले. तुमच्या मुलाला फुटबॉल नको असेल तर दुसरं काही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी घराबाहेर, अंग हलेल आणि एखादा चांगला मोठा माणूस हजर असेल असं काहीतरी असू द्या. त्याच्या मित्रांना घरी बोलवा. बाइकवाल्या मित्रालाही बोलवा.

झोप राहिली. या वयात शरीराचं घड्याळच उशिरावर सरकतं, त्यामुळे दहाला झोप न येणं हा हट्ट नसतो. पण 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास झोप लागते आणि दोन वाजता झोपून ती मिळत नाही. रात्री सगळ्यांचे फोन बैठकीत चार्जिंगला लावा. सगळ्यांचे, तुमचे आणि ह्यांचेही, नाहीतर ती शिक्षा वाटेल.

आता ह्यांच्याबद्दल. त्यांनी भीतीपोटी मारलं, हे मला समजतं. तरी ते त्यांना दुरुस्त करावं लागेल, आणि ते तुम्ही मध्ये पडून होणार नाही. त्यांनी स्वतः त्याच्या खोलीशी जाऊन म्हणायला हवं, ‘मी तुला मारायला नको होतं. मी घाबरलो होतो. पुन्हा हात उचलणार नाही.’ त्याला ‘पण तूही...’ जोडायचं नाही. मुलगा लगेच विरघळणार नाही, कदाचित मानही वर करणार नाही. तरी म्हणावं. आणि औषधं कुलपात का ठेवली, वहीत काय होतं, हे ह्यांना आजच सांगा. एवढं ओझं तुम्ही एकटीने वाहू नये.

डॉक्टरांकडे नेताना त्याला खोटं कारण सांगून नेऊ नका. ‘तुला झोप येत नाही, तू त्रासात दिसतोस, मला एकटीला कळत नाही काय करावं, म्हणून जाऊ,’ असं म्हणा. पहिल्या भेटीत त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या आणि बाहेर आल्यावर ‘काय विचारलं?’ म्हणू नका. डॉक्टर नंतर तुम्हाला जे सांगायला हवं ते सांगतील. तो नकोच म्हणाला तर तुम्ही आधी एकट्या जा, वहीतली ओळ आणि तारखेनुसार झालेले बदल कागदावर लिहून न्या. भेटीची तारीख लांबची मिळत असेल तर ती ओळ फोनवरच वाचून दाखवा, बहुतेक ठिकाणी अशा मुलाला लवकर बघतात. मधल्या दिवसांत कधीही धोका वाटला तर तारखेची वाट न पाहता तातडीचा विभाग किंवा आत्महत्या प्रतिबंधाची हेल्पलाइन. तिचा नंबर आजच तुमच्या, ह्यांच्या आणि त्याच्या फोनमध्ये सेव्ह करा.